बूड दिसलं का?

मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. टेबलावर काचेचा फ्लास्क, त्यात पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, आणि पलीकडून सर विचारत, "हे काय आहे?" माझ्या आधी आत गेलेल्या मुलानं मोठ्या हुशारीनं "पाणी" असं सांगितलं. सर म्हणाले, "प्या मग." तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी घरी परत जायचा विचार करत होते, पण तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

"हे काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"काय न्हाई, ते तरी सांगा."

मी तो फ्लास्क उजेडाकडे धरून बघितला. "दूध नाही," मी म्हणाले.

"शाब्बास," ते म्हणाले. पुढच्या सोमवारपासून मी औषधांच्या त्या कंपनीत ज्युनिअर केमिस्ट झाले. फ्लास्कमध्ये पाणीच होतं, हे मला नंतर कळलं.

कंपनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या अनेक कंपन्यांसारखीच होती. गोळ्यांसाठी लागणारी पावडर तयार करायची, ड्रममध्ये भरायची आणि पाठवायची. प्लँटवाले माल बनवतात आणि क्वालिटी कंट्रोलवाले तो नापास करतात, अशी प्लँटवाल्यांची समजूत होती. सर आमच्या लॅबचे प्रमुख होते, त्यामुळे ती समजूत दूर होण्याचा संभव नव्हता. प्रॉडक्शनचा माणूस सॅम्पल घेऊन येताना दिसला, की काचेच्या दाराआड सरांची मान आडवी हलायला लागायची.

"साहेब, आधी टेस्ट तरी करा की!"

"करतो. पण वाटत न्हाई."

सर मूळचे शिरूरचे. एम.एस्सी. झाले, मोठमोठी इंग्रजी नावं असलेली यंत्रं चालवायला शिकले, पण त्यांच्या तोंडातला 'न्हाई' काही गेला नाही. म्हणून सगळ्या कंपनीत त्यांचं नाव पडलं होतं न्हाईसाहेब. गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे तेच म्हणत. मॅनेजर फक्त केबिनचं दार लावून म्हणत.

घरीही तेच. आठवडाभर ते दौंडला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीनं शिरूरला जायचे. तिथे काकू शाळेत शिकवायच्या. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "कसा झालाय?"

"गार न्हाई," सर म्हणाले.

काकू माझ्याकडे वळल्या. "बघ, आज खूश आहेत. आमचं लग्न ठरताना यांनी निरोप काय धाडला होता माहितीये? मुलगी नापसंत न्हाई! माझे दादा तो निरोप घेऊन गावात चार शहाण्या लोकांकडे जाऊन आले, कुणीतरी अर्थ लावून द्या म्हणून."

"मग लागला का?"

"कशाचा लागतोय. मांडव घातला शेवटी तसाच."

सर बशीत चहा ओतत होते. "तक्रार न्हाई, एवढाच अर्थ होता त्याचा," ते बशीला म्हणाले.

अशा माणसाला पक्ष्यांचा नाद लागावा, आणि तोही बारक्या, मातकट, एकासारखे दुसरे दिसणाऱ्या पक्ष्यांचा, यात तसं नवल नव्हतं. मोर, घार, पोपट यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. "त्यांना ओळखायला काय लागतं? ते तर पाटी लावून फिरतात." त्यांना आवडायचा तो क्षणभर दिसून बाभळीत घुसणारा, मुठीएवढा, मातीच्या रंगाचा जीव. सॅम्पल पुन्हा मागवता येतं, पक्षी पुन्हा मागवता येत नाही, याचा त्यांना विलक्षण आनंद होता.

त्यांच्याकडे एक दुर्बीण होती. तिची डावी बाजू पार आंधळी झालेली होती. पण ते ती दोन्ही डोळ्यांना लावायचे. एक डोळा बघतो आणि दुसरा शंका घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पक्षी दिसला की नाव उच्चारायचं नाही, हा पहिला नियम. "नाव सुचलं की थुंकून टाकायचं. नाव तोंडात आलं, की डोळा सुट्टीवर जातो." मग आधी सांगायचं, की काय नव्हतं. तीरचिमणी नव्हती, कारण शेपटी हलवली नाही. चंडोल नव्हता, कारण तारेवर बसला. चिमणी सोडूनच द्यायची. ती नसणार हे गृहीतच. असं एकेकाला वगळत गेलं की शेवटी जो उरतो तो पक्षी. बहुतेक वेळा कोणीच उरायचं नाही. मग सर तृप्त व्हायचे.

दुसरा नियम बुडाचा. शेपटीच्या वर, पाठ संपते तिथल्या रंगावरून पुष्कळ पक्षी ओळखता येतात. इंग्रजी पुस्तकात त्याला 'रम्प' म्हणतात. सर त्याला बूड म्हणायचे, आणि मोठ्यानं म्हणायचे. "छाती पक्षी हौसेनं दाखवतो. बूड तो जाताना दाखवतो. आन् जाताना कोणी खोटं बोलत न्हाई."

कंपनीची बस सकाळी दौंडहून निघायची. सरांनी पहिल्या आठवड्यातच मला त्यांच्या शेजारी खिडकीपाशी बसवलं, कारण त्यांचं पक्ष्यांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होते. पुस्तकातलं वर्णन मी हळू आवाजात वाचायचं आणि सरांनी त्याचं भाषांतर वरच्या पट्टीत करायचं, अशी आमची वाटणी होती. मला अनोळखी माणसासमोर 'किती वाजले' विचारायलासुद्धा धीर गोळा करावा लागायचा. आणि इथे भरलेल्या बसमध्ये, बाहेर तारेवरून काहीतरी भुर्रकन उडालं की शेजारून गर्जना व्हायची, "मॅडम! बूड दिसलं का?"

मागच्या सीटांवर पॅकिंगच्या बायका बसायच्या. त्या पदर तोंडाशी धरायच्या, पण हसू पदराबाहेर यायचंच.

"मॅडम, आज कुनाचं बगितलं?"

"अगं, सकाळच्या पारी काय इचारती! जेवूदे तरी तिला."

मी खिडकीच्या काचेला आणखी चिकटायचे. इंग्रजीत मला या सगळ्याची लाज वाटली नसती. रम्प हा शब्द मी कोणासमोरही उच्चारला असता. मराठीत मात्र तो थेट अंगावर यायचा. पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी कमी बोलते म्हणून सगळे माझी कीव करायचे, किंवा मला शिष्ट समजायचे. सर एकटेच असे होते, की त्यांना माझं न बोलणं कामाची गोष्ट वाटायची. "बोलणाऱ्याला दिसत न्हाई," ते इतरांना सांगायचे. "या पोरीला दिसतं."

एसटीत त्यांची ख्याती वेगळी होती. शिरूरला जाताना न्हावऱ्याच्या पुढे कुठेतरी त्यांनी एकदा घंटीची दोरी ओढून गाडी थांबवली. कंडक्टर ओरडला, "कोन उतरतंय?"

"कोणीच न्हाई," सर म्हणाले. "त्या बाभळीवर बघा. वटवट्या वाटतो, पण वटवट करत न्हाई."

"तो करत न्हाई, तुमी करताय. उतरा खाली."

सर उतरले. गाडी गेली. ते चालत पुढच्या फाट्यापर्यंत गेले आणि रात्री काकूंच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या शनिवारी तोच कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "कोन निघाला मग तो?"

"ठरलं न्हाई."

"हात्तिच्या! मग उतरवलं कशाला तुमाला?"

यापुढचं कळायला सरांची एक इच्छा सांगायला हवी. पुण्यात पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. वर्षभरात जिल्ह्यात कुठे कोणता वेगळा पक्षी दिसला, याची एक पुस्तिका ते मंडळ काढायचं. पक्षी, गाव, आणि बघणाऱ्याचं नाव. सर दरवर्षी त्यांना माहिती पाठवायचे आणि दरवर्षी ती छापली जायची नाही, कारण पाठवलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या नावाच्या जागी सरांनी तो कोण नव्हता ते लिहिलेलं असायचं. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना एकदा सभेत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुम्हाला आजवर एखादा पक्षी दिसलाय का हो?" सभा हसली होती. हे सरांनी मला स्वतः सांगितलं, अगदी सहज, सॅम्पलची बाटली हलवत. पण पुस्तिका आली की ते आधी नावांचं पान उघडायचे आणि मग ती ड्रॉवरमध्ये टाकायचे. त्यांना त्या पानावर एकदा नाव हवं होतं. एकदाच. बाकी जगाकडून त्यांना काही नको होतं, बढतीसुद्धा. ती त्यांनी नाकारलीच होती.

दौंडहून कुरकुंभला येताना रस्त्याला लागून एक टेकाड होतं, वर खंडोबाचं छोटं देऊळ. तिथल्या गतिरोधकावर बस हळू व्हायची. त्या वर्षी थंडीत, एका सकाळी, देवळाच्या खालच्या भिंतीवर एक पक्षी बसलेला होता. चिमणीएवढा. डोकं पिवळंजर्द, छाती पिवळी, पाठीवर तपकिरी रेघा. ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. बसनं धक्का खाल्ला, तो उडाला आणि भिंतीपलीकडे गेला.

"थांबवा!" सर ओरडले.

बस चालवणारे मामा त्याच टेकाडाखालच्या वस्तीतले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, मामा आम्हाला घेऊन कुरकुंभला उतरायचे. कळप सांभाळायची सवय त्यांच्या रक्तातच होती. "न्हाईसाहेब, गप बसा. पंचिंग हुकंल सगळ्यांचं," ते आरशातून म्हणाले आणि गाडी दामटली.

सर माझ्याकडे वळले. "दिसला?"

"पिवळं होतं काहीतरी. पाठीवर रेघा."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. मागच्या बायकाही बघत होत्या. तो प्रश्न आलाच नाही. सरांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं, पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. तो होता युरोपातला पिवळा भारीट. पुस्तकातल्या नकाशात तो इतका वर आणि इतका डावीकडे होता, की दौंड त्या नकाशात आलंही नव्हतं.

"हाच," सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पण सर, तो आपल्याकडे येत नाही असं लिहिलंय."

"वाट चुकला असेल. दौंड जंक्शन आहे मॅडम. चुकीच्या गाडीत बसलेले सगळे इथंच उतरतात."

"ज्वारीत येतात ते आपले नेहमीचे भारीट नसतील?"

"ते थव्यानं येतात. हा एकटा होता. हाच आहे."

'आहे' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची आम्हाला सवय नव्हती. त्या दिवशी प्रॉडक्शनचा माणूस सॅम्पल घेऊन आला तेव्हा सरांनी त्याला "या, बसा" म्हटलं. तो बसला नाही. बाहेर जाऊन त्यानं मला विचारलं, "साहेबांच्या घरी काही झालंय का?" संध्याकाळी सरांनी दौंडच्या स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून अध्यक्षांना फोन लावला. पुढच्या रविवारी ते स्वतः येऊन बघणार होते. पटलं, तर पुस्तिकेत पहिलंच पान, आणि पानावर सरांचं नाव.

आठवडाभर आम्ही ये-जा करताना त्या भिंतीकडे बघत होतो. पक्षी दिसला नाही. सर ते चित्र उघडून बसायचे. नाव तोंडात आल्यावर डोळा सुट्टीवर जातो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. पण ते सांगणारे तेच होते.

त्या शुक्रवारी चंपाषष्ठी होती. मामांनी लॅबमधल्या सगळ्यांना टेकाडावर जेवायला बोलावलं होतं, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. सर आले नाहीत. त्यांना देवाबद्दल अजून पुरेसा डेटा मिळालेला नव्हता. मी गेले. मामांच्या भावकीनं तळी उचलली, येळकोटाचा गजर झाला, आणि मुठी मुठी भंडारा हवेत उडाला. माणसं, दीपमाळ, पायऱ्या, भरताचं पातेलं, सगळं हळदीनं पिवळं झालं. गर्दीत जेवायला मला जमत नाही, म्हणून पत्रावळ घेऊन मी देवळाच्या मागे गेले.

तिथे फरशी उखडून मातीचा एक खळगा झाला होता. दर रविवारी उधळलेला भंडारा वाऱ्यानं त्यात येऊन साठला होता, आजचाही. आणि त्या खळग्यात चिमण्या धुळीची अंघोळ करत होत्या. पंख फुगवून, डोकी खुपसून, एकमेकींना ढकलत, लोळत. बाहेर येणारी प्रत्येक चिमणी अंग झाडायची, थोडा पिवळा ढग उठायचा, आणि उरायचं ते पिवळंजर्द डोकं, पिवळी छाती आणि पाठीवर तपकिरी रेघा.

माझा घास हातातच राहिला. मामांच्या आई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "काय बगतीस गं पोरी? आंगूळ करत्यात. आन् आमच्या नातवाला करा म्हनलं, तर पळून जातंय."

त्या गेल्या तरी मी तिथेच बसून राहिले. चिमण्यांना काही घाई नव्हती. मी त्या अगदी पोटभर बघितल्या, बुडासकट.

शनिवारी सकाळी मी बसमध्ये सरांच्या शेजारी बसले. कसं सांगायचं ते मी रात्रभर इंग्रजीत ठरवलं होतं आणि ते मराठीत होत नव्हतं. सर खुशीत होते. अध्यक्षांना कुठे उभं करायचं, ऊन कोणत्या बाजूनं येईल, ते सांगत होते. टेकाड जवळ आलं तेव्हा मी एकदम म्हणाले, "सर, मला तो परत दिसला. काल. जवळून."

सरांचा चेहरा असा उजळला, की मला तिथेच उतरून जावंसं वाटलं.

"सांगा," ते म्हणाले.

मी खाली बघत सांगायला लागले. शेपूट आखूड, टोकाला किंचित खाच. पायांवर भंडारा... म्हणजे पिवळी धूळ. भुवई अंधूक. बूड मातकट राखाडी, अजिबात तांबूस नाही.

"अजिबात?"

"अजिबात."

पुस्तकातल्या पक्ष्याचं बूड विटकरी होतं. सरांनी पुस्तक मिटलं. "चोच?"

"जाड. दाणे फोडायची."

"आवाज काढला का त्यानं?"

"हो."

"कसा?"

मी मागच्या सीटांकडे बघितलं. बस गतिरोधकावर आली होती आणि इंजिनचा आवाज पार कमी झाला होता.

"मॅडम, आवाज कसा?"

"चिव," मी म्हणाले.

"ऐकू आलं न्हाई."

"चिव! चिव चिव!"

मामांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "चिमनी व्हय! मग तसं सांगा की पोरी. आमच्या देवळामागं हायेत की ढिगानं."

मग जे हसू सुटलं ते कुरकुंभच्या गेटपर्यंत थांबलं नाही. पॅकिंगच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी काचेकडे तोंड फिरवलं होतं. सर मला काय काय विचारतील याची मी मनात तयारी केली होती. किती अंतरावरून, ऊन कुठून, चष्मा पुसला होता का. लिटमस कागदाचाही पुरावा मागणारा तो माणूस. त्यांनी काहीच विचारलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंय ना. मग चिमणीच."

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या प्लँटमध्ये गेली. सर कॅन्टीनमध्ये शिरले की कुठल्यातरी कोपऱ्यातून चिवचिव ऐकू यायची. ते शांतपणे पोळी मोडत बसले. संध्याकाळी त्यांनी बूथवरून पुण्याला फोन लावला, तर अध्यक्षांच्या सूनबाईंनी सांगितलं, की बाबा मित्राकडे मुक्कामाला गेलेत, पहाटे तिथूनच परस्पर निघणार आहेत.

"आता?" मी विचारलं.

"येऊ देत. तोंडावर सांगू. तुम्हीही या. ते इंग्रजीतून रागावतात."

रविवारी अध्यक्ष जीपमधून उतरले. अंगात खिसेच खिसे असलेलं जॅकेट, गळ्यात दोन्ही बाजूंनी दिसणारी दुर्बीण, आणि पायात पोटरीपर्यंत नाड्या बांधलेले बूट. मामा पायऱ्यांपाशी आमची वाट बघत होते.

"साहेब, आधी एक सांगायचं होतं," सरांनी सुरुवात केली.

"नंतर, नंतर. ऊन जाईल," अध्यक्ष म्हणाले आणि चालायला लागले.

"बूट काढा साहेब, देऊळ हाय," मामा म्हणाले. "वर या, चिमन्या पार हाताला लागत्याल."

"कसल्या चिमण्या?"

"पिवळ्या."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघून स्मित केलं. "यांना सगळंच चिमणी," ते इंग्रजीत म्हणाले. बूट काढायचे म्हणजे सगळ्या नाड्या सोडाव्या लागल्या असत्या. ते खालीच उभे राहिले.

त्याच वेळी भिंतीवर एक येऊन बसली. एकटी, ऊन खात, डोक्यापासून पोटापर्यंत हळदीत बुडालेली. अध्यक्षांनी दुर्बीण डोळ्याला लावली. चिमणी उडाली.

अध्यक्षांनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा त्यांचे डोळे ओले झाले होते. "पिवळा भारीट," ते म्हणाले. "दख्खनमध्ये! माझा विश्वास बसत नाही. मी तुमची माफी मागतो." त्यांनी सरांचा हात हातात घेतला. "पहिल्या पानावर तुमचं नाव टाकू. तुमचं आधी, मग माझं."

मामा खोकले. मी सरांच्या मानेकडे बघत होते. ती हलत नव्हती. इतक्या वर्षांत मी ती इतकी स्थिर कधी बघितली नव्हती. आता गप्प राहणं एवढंच त्यांना करायचं होतं. गप्प राहिल्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं. चिमणीचं तर नाहीच.

"न्हाई," सर म्हणाले.

"काय नाही?"

"भारीट न्हाई. चिमणी आहे. भंडाऱ्यात लोळलेली. मागं खळगा आहे, चला दाखवतो. बूट काढावे लागतील."

अध्यक्षांनी हात सोडला. "फोनवर तुम्हीच खात्रीनं सांगितलंत."

"तेव्हा मी चुकलो होतो. आता तुम्ही चुकताय."

"मी चाळीशीपासून पक्षी बघतोय!"

"चिमणी कधी बघितली होती शेवटची?"

अध्यक्षांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "अँड यू, यंग लेडी? तुम्ही शिकलेल्या दिसता. तुमचं काय मत आहे?"

"चिमणी आहे," मी मराठीतच म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण आवाज नीट आला.

अध्यक्षांना मग आमचा तिघांचाही कंटाळा आला. खेड्यातल्या लोकांना चांगलं काही घडलेलं सोसत नाही, असं काहीसं ते इंग्रजीत म्हणाले आणि जीपमध्ये बसले. त्यांनी बूट शेवटपर्यंत काढले नाहीत. मामांनी पायऱ्यांवर टेकत विडी पेटवली. "साहेब, फुकटचं नाव येत हुतं की छापून. कशाला घालवलं?"

"बूड बघितलं न्हाई त्यांनी," सर म्हणाले.

उन्हाळ्यात पुस्तिका आली. सकाळी बसमध्ये सरांनी ती माझ्या हातात दिली. नावांचं पान त्यांनी या वेळी स्वतः उघडलं नव्हतं. पहिल्याच पानावर पिवळा भारीट होता, दख्खनमधली पहिली नोंद. खाली अध्यक्षांचं नाव, ठळक. मी ते मनातच वाचलं. मग त्याखालची बारीक टाइपातली ओळ दिसली आणि ती मोठ्यानं वाचली. "या वेळी हजर असलेल्या एका स्थानिक निरीक्षकाने ही ओळख अमान्य केली."

"पुन्हा वाचा," सर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पुस्तिका माझ्याकडून घेतली, चष्मा वर सरकवून ती ओळ डोळ्यांजवळ धरली. मग ते धावत्या बसमध्ये उठून उभे राहिले, दांडीला धरून मागे गेले आणि पॅकिंगच्या बायकांपुढे ते पान धरून 'एका' या शब्दावर बोट ठेवलं.

"हा मी," ते म्हणाले.